चार सिंथ असताना पाचवा कशाला?

ठाण्याच्या एका तरुण वादकाने विचारलंय: "माझ्याकडे कॉर्ग मिनीलॉग एक्सडी, सेकंडहँड मायक्रोकॉर्ग, पहिल्या आवृत्तीचा व्होल्का एफएम आणि वडिलांच्या बेंजो पार्टीतला रोलँड एक्सपीएस-१० असे चार सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आहेत. तरी रोज रात्री हायड्रासिंथ नावाच्या आणखी एका सिंथचे डेमो बघत बसतो. घ्यावा की आहे त्यात समाधान मानावं? समाधान मानलं तर मागे पडू, अशीही भीती वाटते."

मानून घेतलेलं समाधान फार तर पुढच्या पगारापर्यंत टिकतं, त्यामुळे तो सल्ला मी देणार नाही. मीही तो कधी पाळलेला नाही. तीस-पस्तीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय. गिरगावातल्या ऑर्केस्ट्रापासून सुरुवात केली, मग भावगीतांचे कार्यक्रम, नाटकांचं पार्श्वसंगीत, स्टुडिओतली रेकॉर्डिंग्ज. लोकांसाठी मी कायम 'कॅसिओवाला'. कॅसिओचं एकही वाद्य माझ्या घरात कधी आलं नाही, पण आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं आणि मागून वायर निघालेलं जे काही असेल ते कॅसिओच. या काळात घरात सतरा सिंथ आले. आज पाच आहेत. गेलेल्या बारांपैकी एकाचीच हळहळ वाटते, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या एकात आहे.

तो होता यामाहाचा डीएक्स-७. बाजारात आला १९८३ साली, माझ्याकडे आला १९९१ मध्ये, एका ज्येष्ठ वादकाकडून, दोन पट्ट्या अडकत असलेला. त्याच्यावर फिरवायला बटणं नाहीत. सपाट पडद्याची बटणं, दोन ओळींचा डिस्प्ले आणि आकडा बदलायला एक स्लायडर. आत सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी तयार करणारे घटक, आणि ते एकमेकांना जोडायच्या ३२ तऱ्हा, त्यांना अल्गोरिदम म्हणतात. बहुतेकांनी त्यातला इलेक्ट्रिक पियानो वाजवला आणि आतलं झाकण कधी उघडलंच नाही. मीही उघडलं नसतं. पण एका भावगीताच्या कॅसेटसाठी अरेंजरने दोन अंतऱ्यांमधल्या तुकड्यात संतूर लिहिलं होतं, बजेट संतूरवादकाचं नव्हतं, आणि मी फुशारकीत "करून आणतो" म्हणून बसलो.

चार रात्री लागल्या. अल्गोरिदम पाच घेतला. त्यात तीन जोड्या असतात, प्रत्येक जोडीत ऐकू येणारा एक कॅरियर आणि त्याला खडबडीत करणारा एक मॉड्युलेटर. पहिल्या दोन जोड्या तारांसाठी. संतूरमध्ये एका स्वराला तीन-चार तारा असतात आणि त्या तंतोतंत कधीच जुळत नाहीत, म्हणून एका जोडीचा डिट्यून, म्हणजे सुरातला किंचित फरक, अधिक तीन, दुसरीचा उणे तीन ठेवला. तिसरी जोडी कलमाच्या, म्हणजे संतूर वाजवायच्या काडीच्या, आघातासाठी. मॉड्युलेटरचं गुणोत्तर चौदावर नेलं आणि त्याचा एन्व्हलप, म्हणजे आवाज उठून विझण्याचा आराखडा, इतका आखूड केला की 'टिक्' होऊन संपावं. तिसऱ्या रात्रीपर्यंत ते देवळातल्या घंटेसारखं वाजत होतं. मग लक्षात आलं की खरं संतूर वरच्या सप्तकात लवकर विझतं आणि माझं वर-खाली सगळीकडे सारखंच रेंगाळतंय. कीबोर्ड रेट स्केलिंग नावाचं एक पान होतं, तिकडे आजवर फिरकलो नव्हतो. तिथला आकडा वाढवला आणि पहाटे दोन वाजता घंटा थांबून तारा वाजायला लागल्या. शेजाऱ्यांसाठी हेडफोन लावलेला होता, म्हणून बरं.

ते खऱ्या संतूरसारखं होतं का? नव्हतं. पण त्या गाण्यात बसलं, आणि नंतर दोन-तीन वर्षं लोक "तो तुझा संतूरसारखा आवाज लाव" असं सांगून कामाला बोलवायचे.

पुढे एक चकचकीत वर्कस्टेशन, म्हणजे सगळे आवाज तयार असलेला मोठा कीबोर्ड, आलं, त्यात संतूरचा खरा सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, होता, आणि पैसे जमवायला मी डीएक्स-७ विकला. माझे सगळे पॅच, म्हणजे आवाजांची जुळवणी, ज्या कार्ट्रिजवर होते ते कार्ट्रिजही त्याच्यासोबत देऊन टाकलं. नव्या वाद्यातलं संतूर माझ्यापेक्षा दसपट चांगलं होतं, यात वाद नाही. पण ते विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे तेच संतूर होतं. वर्षभरात कुठलाही इंटरल्यूड लावा, तोच आवाज. "तुझा आवाज लाव" म्हणायचं कोणाला कारणच उरलं नाही.

हे सगळं सांगतोय ते जुनं ते सोनं म्हणायला नाही. तुम्हाला हायड्रासिंथ हवासा वाटतो त्याच्या मुळाशी नक्की काय आहे, ते आधी चिमटीत पकडायला हवं. सिंथ हवा असणं ही मोघम गोष्ट आहे. संतूर हवं असणं नेमकी. मोघम इच्छा कुठल्याच खरेदीने भागत नाही, खोकं उघडल्यावर पंधरा दिवसांत ती दुसऱ्या मॉडेलवर जाऊन बसते. (गिटारवाल्यांच्या या खरेदीच्या खाजेला स्टीली डॅन या अमेरिकी बँडच्या वॉल्टर बेकर यांनी गमतीने आजाराचं नाव दिलं होतं. पुढे ते नाव सिंथवाल्यांनी आनंदाने स्वतःला लावून घेतलं. आजार म्हटलं की आपला दोष उरत नाही, हा त्यातला फायदा.)

आता तुमच्या चार वाद्यांकडे बघू. एक्सडी २०१९ चा: चार आवाज (म्हणजे एकदम चार स्वर), प्रत्येकात दोन ॲनालॉग ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप. मायक्रोकॉर्ग २००२ चा: चारच आवाज, करवती किंवा चौकोनी लहर, फिल्टर, एन्व्हलप. आतली यंत्रणा वेगळी असली तरी दोघांचं काम एकच, भरपूर सूर तयार करून चाळणीतून गाळायचे. म्हणजे चारपैकी दोन एकाच पदासाठी अर्ज करून बसलेत. मायक्रोकॉर्गकडे एक्सडीकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे माणसाचा आवाज सिंथच्या सुरात बोलवणारा व्होकोडर, त्या वाकणाऱ्या माइकसकट. तो शेवटचा कधी वापरलात? उत्तर आठवावं लागत असेल तर जागा कुठून रिकामी होऊ शकते ते कळलंच.

व्होल्का एफएमकडे तुम्ही खेळणं म्हणून बघत असाल असा माझा अंदाज आहे, सगळेच बघतात. पण त्याच्या पोटात सहा ऑपरेटर आणि ३२ अल्गोरिदम आहेत, आणि तो डीएक्स-७ चे पॅच घेतो. माझं कार्ट्रिज गेलं, पण वही राहिली होती. त्या काळी आम्ही पॅचचे आकडे वहीत उतरवून ठेवायचो, बॅटरी गेली की मेमरी जाते या भीतीने. वीसेक वर्षांनी ती वही सापडली, डेक्स्ड नावाच्या फुकट प्लगइनमध्ये (संगणकावर चालणाऱ्या सिंथमध्ये) सगळे आकडे भरले, आणि ते पहाटे दोनचं संतूर जसंच्या तसं वाजलं. तिथून एका विद्यार्थ्याच्या व्होल्कात घातलं. एकदम तीनच स्वर वाजतात, आणि तुमच्याकडच्या पहिल्या आवृत्तीला मिडीवरून (वाद्यं एकमेकांना जोडायच्या केबलवरून) येणारा बोटाचा जोर कळत नाही, सगळे आघात सारखेच पडतात. संतूरसाठी हा मोठाच उणेपणा. असा उणेपणा सापडला की मला बरं वाटतं. तो खरेदीचं खरं कारण असू शकतो, कारण तो कामातून निघालाय, डेमोतून आलेला नाही.

एक्सपीएस-१० ला नावं ठेवायची आपल्यात पद्धत पडलीय, मिरवणुकीतलं वाद्य म्हणून. मला तो तुमच्या चौघांतला सर्वात कष्टाळू वाटतो. पूर्ण मापाच्या ६१ पट्ट्या असलेला तो एकटाच आहे. बाकी दोघांच्या पट्ट्या बारीक आणि व्होल्काला तर खऱ्या पट्ट्याच नाहीत. मिडीची केबल जोडून त्याला उरलेल्या तिघांचा मालक करा. एक्सडी एकदा पूर्ण मापाच्या पट्ट्यांवरून वाजवून बघा, वेगळं वाद्य आणल्यासारखं वाटतं. शिवाय त्यात बाहेरचे सॅम्पल घालता येतात. वडिलांच्या बेंजोचे चार स्वर नीट रेकॉर्ड करून घाला. तो आवाज जगातल्या दुसऱ्या कोणाकडे नसेल.

वाद्याला नेमून दिलेलं काम म्हणजे काय, हे बघायचं तर मुंबईचे चरणजित सिंग. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. टीआर-८०८ ने ठेका धरला, टीबी-३०३ ने खालची बेसची फिरती ओळ, ज्युपिटर-८ ने राग. बस. ३०३ खरं तर साथीला बेसवादक नसलेल्या गिटारवाल्यांसाठी केलेलं यंत्र, बाजारात सपशेल पडलेलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, आणि मींडेची सवय असलेल्या कानाला त्या घसरगुंडीत काय दिसलं असेल ते आपण समजू शकतो. शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीतवाल्यांनी त्याच यंत्रातून नाव काढलं ते पाच वर्षांनी. तबकडी तेव्हा चालली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर लोक चक्रावले. तिन्ही यंत्रं तेव्हा नवी कोरी होती, हेही लक्षात घ्या. चरणजित सिंग काही जुन्यात समाधान मानणारे नव्हते. त्यांनी नवंच घेतलं, पण प्रत्येकाला एकेक काम दिलं आणि चौथ्याची वाट बघत बसले नाहीत.

म्हणून मी घरात एक शिस्त लावून घेतलीय. नवं वाद्य घ्यायचं तर आधी वहीत एक वाक्य लिहायचं: अमुक गाण्यात, अमुक जागी मला हे करायचं होतं आणि आहे त्यात जमलं नाही. 'आवाज उबदार हवा' हे वाक्य चालत नाही. 'दुसऱ्या अंतऱ्यात सहा स्वरांचा गुच्छ धरायचा होता, चार आवाजांत दोन तुटले' हे चालतं. सतरांपैकी असं वाक्य लिहिता आलं असतं अशी वाद्यं पाच. योगायोग म्हणा, पण आज घरात आहेत ती साधारण तीच.

वाक्य नसताना घेतलेल्यांची गोष्टही सांगून टाकतो, म्हणजे मी फार शहाणा होतो असं वाटायला नको. एकदा ओळखीतून निरोप आला, जपानहून आलेला जुना ॲनालॉग मिळतोय, संध्याकाळपर्यंत ठरवा. संध्याकाळ कशाला, मी दुपारीच टॅक्सी करून आणला. घरी आल्या आल्या प्लग बदलून भिंतीत लावला. मागच्या पत्र्यावर ठळक १०० व्होल्ट लिहिलं होतं. एक 'फट्', आणि उदबत्ती नाही पण त्याहून कडू असा वास. लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने महिन्याभराने ट्रान्सफॉर्मर बदलून दिला, वाद्य वाजायला लागलं, आणि मग कळलं की मला त्याचं करायचं काहीच नव्हतं. हवं होतं ते स्वस्तात मिळतंय म्हणून.

जुन्याच्या मोहात असाल तर आणखी एक. रोलँडचा ज्यूनो-१०६ हा १९८४ चा, माझा सगळ्यात लाडका. पण त्यातल्या आवाजाच्या चिप्सवर कंपनीने दिलेला लेपच कालांतराने त्यांना मारतो. एखादा स्वर चरचरतो, मग गप्प होतो. त्या चिप्स काढून ॲसिटोनमध्ये भिजवून लेप उतरवायचा, हा आता सर्वमान्य उपाय आहे, पण तो करणारा हात मिळायला हवा. त्यात आपला पावसाळा. जूनमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, वर जुनी चादर, आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवायचा. पाचवा सिंथ म्हणजे दावणीला पाचवं जनावर. त्याला चारा-पाणी तुम्हीच बघायचं: मिक्सरवर दोन जागा, एक अडॅप्टर, एक स्टँड, आणि घर लहान असेल तर पलंगाखालची जागा.

आता उलट बाजू. याच ज्यूनोने मला महिन्याभरात जे शिकवलं ते आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो. कारण सगळे स्लायडर समोर उघडे होते. फिल्टर वर-खाली केला की कानाला लगेच कळायचं. मेनूंच्या भुलभुलैयातून बाहेर काढणारं वाद्य कधीकधी घ्यावंच लागतं. तुमच्याकडे मात्र तसं वाद्य आधीच आहे. एक्सडीची सगळी बटणं बाहेर आहेत. त्यातला मल्टी इंजिन नावाचा तिसरा ऑसिलेटर उघडलात का? त्यात बाहेरून तयार ऑसिलेटर भरता येतात, बरेचसे फुकट मिळतात. ट्यूनिंगही बदलता येतं, म्हणजे पियानोच्या सरळसोट बारा घरांच्या बाहेर जाऊन कोमल गंधार तुमच्या कानाला हवा तितका उतरवता येतो. हार्मोनियमवाल्यांनी ज्यासाठी पिढ्यान् पिढ्या बोलणी खाल्ली, ते इथे एका मेनूत आहे.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल फार बोलत नाही. कॉर्ग एम-१ हा १९८८ चा, त्याचा पियानो आजही मागितला जातो. ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकारांनी डीएक्स-७ ला बाजारातून गेल्यावरही सोडलं नाही. आणि स्टुडिओत गेल्या कित्येक वर्षांत मला "कुठला सिंथ आहे?" असं कोणी विचारलेलं नाही. "दहाला पोचताय ना?" एवढंच विचारतात.

राहिला हायड्रासिंथ. त्याच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्यात एक गोष्ट खरोखर वेगळी आहे. डेमोत ऐकू येणारे ते ढगांसारखे पॅड, म्हणजे लांब पसरलेले सूर, त्यात धरू नका. त्यातले निम्मे ढग रिव्हर्बचे (घुमण्याच्या इफेक्टचे) असतात, ते एक्सडीच्या रिव्हर्बमध्येही मिळतील. वेव्हटेबलचं, म्हणजे साठवलेल्या लहरींतून आवाज घडवण्याचं, आकर्षण असेल तर व्हायटल किंवा सर्ज हे फुकट प्लगइन महिनाभर वापरा. वेगळी गोष्ट आहे ती पट्ट्यांची: पॉलिफोनिक आफ्टरटच. पट्टी दाबून धरल्यावर आणखी जोर दिला तर फक्त त्याच बोटाखालचा स्वर हलतो, बाकीचे जागच्या जागी. सा आणि पंचम धरून ठेवायचे आणि दरबारीचा गंधार तेवढा आंदोलित करायचा, हे एका हातात शक्य होतं. आपल्या संगीतासाठी ही चैन म्हणता येणार नाही. तुमच्या चौघांपैकी कोणालाच हे जमत नाही. एक्सडीची जॉयस्टिक सगळे स्वर एकदम ओढते.

पण दुकानात जायच्या आधी एक करून बघा. मायक्रोकॉर्गवर सा-प धरून ठेवा, पट्टीवर काडी अडकवली तरी चालेल. एक्सडीवर बेंडची मर्यादा एक सेमीटोनवर आणा, डावा अंगठा जॉयस्टिकवर, उजव्या हाताने कोमल गंधार, आणि हळूच रिषभाकडे झुकवून परत आणा. वेग घड्याळासारखा ठेवू नका, श्वासासारखा ठेवा. रोज अर्धा तास, तीन आठवडे. हे करताना डावा हात अडकून पडतो, खाली स्वरसंगत बदलता येत नाही, आणि तुम्हाला त्याचाच राग यायला लागला, तर वहीत वाक्य आपोआप लिहिलं जाईल. मग घ्या हायड्रासिंथ, मी स्वतः सोबत येईन. तीन दिवसांतच कंटाळा आला, तर तुम्हाला आंदोलन नको होतं, डेमो बघायला आवडतात. त्यात काही वाईट नाही, फुकट असतात.

घ्यायला गेलात तर आपला हेडफोन घेऊन जा आणि दुकानदाराला कोरा, काही न भरलेला पॅच लावायला सांगा. तयार पॅचवर वाद्य पारखू नका. आफ्टरटच बोटांना किती जोर मागतो ते बघा, काहींना तो कडक लागतो. पैशांसाठी मायक्रोकॉर्ग विकायला हरकत नाही, व्होकोडर खरंच वापरत नसाल तर. एक्सपीएस-१० मात्र वडिलांना विचारल्याशिवाय विकू नका.